तीन महिने आणि एक चप्पल

"यंदाचा 'कल्पक कारागीर' मीच!" इलोइलो शहरातल्या तेओने बायकोला, लुर्दिंगला, छातीठोकपणे सांगितलं. एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात चार हजार कारागीर, आणि बाकोलोदचा हिलारियो दरवर्षी हा मान पटकावून वर तेओलाच धीर द्यायचा! म्हणून तेओने तीन महिने खपून खिडकीतल्या एसीची खडखड थांबवणारी रबरी कमान बनवली होती.

"आधी घरचा एसी गप्प कर, मग जगाला शिकव," लुर्दिंग म्हणाली.

"अगं, त्याच्यावरच तर दाखवणार!"

रविवारी दुपारी सगळा गट लाइव्ह बघत होता. तेओने कमान बसवली, बटण दाबलं आणि एसी पूर्वीपेक्षा जोरात खडखडायला लागला! नुकता कुठे डोळा लागलेली लुर्दिंग तणतणत आली आणि तिने कॅमेऱ्याच्या मागूनच पायातली चप्पल एसीवर भिरकावली. ती एसी आणि चौकटीच्या फटीत जाऊन रुतली. खडखड बंद!

गटात नुसता जल्लोष! जो तो त्याला आदराने 'मनोंग', म्हणजे दादा, म्हणू लागला. "मनोंग तेओ, चप्पल कुठल्या पायाची?"

"डावी," तेओ बोलून गेला.

संध्याकाळपर्यंत दावावच्या एकाने टाच तिरकी कापून बघितली. सेबूच्या बाईंनी जुनी, झिजलेलीच चांगली बसते असा निर्वाळा दिला. हिलारियोने तर दोन लावल्या! आता खरं सांगायला कुणाची जीभ रेटेल? "तीन महिन्यांचं संशोधन," असं लिहून तेओ मोकळा झाला.

"मग उद्या परत दाखव की," हिलारियोने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तेओने तीच चप्पल हाताने उभी खोचली, आडवी खोचली. खडखड चालूच! चार हजार जण डोळे लावून बसलेले. तो रडकुंडीला आला.

"लुर्दिंग, जरा फेक ना गं!"

"कशी फेकू? राग तर यायला हवा! एवढा नावाजलेला नवरा माझा!" ती कौतुकाने हसत होती.

तेओ एसीसमोर जाऊन उभा राहिला. "त्या कमानीचं रबर... तुझ्या दिनाग्यांग सणाच्या मिरवणुकीसाठी आणलेल्या नव्या बुटांचं आहे."

उजवी चप्पल त्याच्या कानाजवळून सणसणत गेली आणि फटीत रुतली. एसी गप्प!

"मनोंग, या शोधामागची प्रेरणा काय?" हिलारियोने विचारलं.

"मी!" लुर्दिंग कॅमेऱ्यासमोर येऊन गरजली.

सन्मानपत्र आलं ते तिच्याच नावाने. खाली बारीक अक्षरांत मात्र तेओही होता : 'विशेष साहाय्य – बायकोला चिडवणे.'