वारा, गिअर आणि उस्तादांचा फरवा

“लिही,” उस्ताद नायिफ म्हणाले. “मादबा शहरात गुन्हेगारी नाही, याचं एकमेव कारण मी. माझी नजर भिंतीपलीकडे जाते. मुंगी चालली तरी माझ्या कानाला ऐकू येते. आणि माझा मेंदू झोपेतसुद्धा तपास करत असतो.”

“झोपेत तुम्ही घोरता, दाजी. ताई सांगते.”

“कामाच्या वेळी मी दाजी नाही. उस्ताद म्हण. आणि ते घोरणं खोड.”

मी काही लिहिलंच नव्हतं, त्यामुळे खोडण्याचा प्रश्न आला नाही. उस्ताद माझ्या बहिणीचे यजमान. त्यांचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. दुकानात मागे एक पडदा आहे, आणि पडद्यामागे दोन स्टुलं आणि चहाची किटली ठेवलेली जी अडगळ आहे तिला ते ‘तपास कचेरी’ म्हणतात. मी त्यांचा मदतनीस. ताईने मला नेमलंय. “बासिल, त्यांच्याबरोबर राहा, आणि संध्याकाळी त्यांना घरी आण,” एवढंच माझं काम.

मागच्या वर्षी मशिदीबाहेरून उस्तादांच्या चपला गेल्या. त्यांनी त्यात परदेशी टोळीचा हात शोधून काढला आणि अख्ख्या बाजाराला घाम फोडला. चपला दुसऱ्या दाराबाहेर सापडल्या, त्यांनी स्वतः काढून ठेवल्या होत्या तिथेच. ‘टोळीने घाबरून माल परत केला’ असा निकाल लागला.

त्यांच्या फरव्याबद्दलही सांगायला हवं. मेंढीच्या लोकरीचं जाड अस्तर असलेला तो घोट्यापर्यंतचा झगा आमच्याकडे थंडीत सगळेच घालतात. उस्ताद तो एप्रिलमध्येही घालतात, कारण त्यांच्या मते झग्याशिवाय तपासनीस म्हणजे नुसताच चौकस माणूस. त्यांचा घाम पुसायला मी टॉवेल घेऊन फिरतो.

त्या दिवशी राकान दुकानात आला तो रडकुंडीला येऊन. हा राकान मादब्यातल्या दुकानांना अंडी पोचवतो. त्याच्या पिकअपमधून आजवर एक अंडं फुटलेलं नाही, असं त्याची फिद्दा आत्या सगळ्या गल्लीला सांगत असते. तिनेच त्याला वाढवलंय, आणि तो जाईल तिथे ती जाते. आताही ती कलिंगडाच्या भाजलेल्या बियांची पुडी घेऊन मागे उभी होती.

“उस्ताद, माझं लग्न वाऱ्यावर आहे,” राकान म्हणाला, आणि सगळी कहाणी सांगितली.

करकच्या हाज मुफ्लिहची मुलगी जुमाना त्याला हवी होती, आणि जुमानाला तो. पण हाज म्हणजे अकाबाहून बगदादपर्यंत ट्रक चालवत म्हातारा झालेला माणूस. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कसा आहे ते त्याच्या गिअरवरून कळतं. उतारावर जो नुसता ब्रेक दाबत बसतो, तो संसारातही तेच करणार. ‘डोळे गेले, कंबर गेली, कान शिल्लक आहेत,’ हाज म्हणाले होते. ‘मुजिबचा घाट उतरताना फिल्म काढ आणि मला ऐकव. कॅमेरा गाडीच्या बाहेर लाव. आतून सगळ्यांच्याच गाड्या गुणी वाटतात.’

“मी म्हटलं, हाज, मी अंड्यांची गाडी चालवतो, अजून काय पुरावा हवा? तर म्हणाले, अंडी काही बोलत नाहीत.”

राकानने कॅमेरा उस्तादांकडूनच भाड्याने नेला होता. काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा, रबरी पंजाने दाराला बाहेरून चिकटणारा अ‍ॅक्शन कॅमेरा. चित्र सुरेख यायचं. दरीची वळणं, खालचं धरण, सगळं. आणि आवाज? घर्रर्र, घोंऽऽ, फडफडफड. इंजिन नाही, गिअर नाही, काही नाही.

“शुक्रवारी जाहा निघणार,” राकान म्हणाला. “चुलते, मामे, गावचे मोठे, सगळे मागणी घालायला करकला जाणार. आणि हाज त्यांच्यासमोर ही फिल्म ऐकणार. ह्यात नुसता वारा निघाला तर नाही म्हणून टाकतील, उस्ताद. मला दुसरी कुणी नकोय.”

एरवी पोरगा बोलत नाही फारसा. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. उस्तादांना आनंद झाला.

“हा वारा नाही,” ते डोळे बारीक करत म्हणाले. “हा घातपात आहे.”

पहिला संशय गाडीवर. आरशाला लटकणारा निळा मणी काढला, टपावरची जाळी काढली, रेडिओची एरियल काढली. घाट उतरलो. घर्रर्र. उस्ताद म्हणाले, “अपेक्षेप्रमाणे.” जाळी पुन्हा लावायला राकानची अख्खी दुपार गेली.

दुसरा सिद्धान्त असा, की वारा वेगाला चिडतो, तेव्हा आपण त्याला कळू न देता जायचं. मग आम्ही मुजिबचा घाट बैलगाडीच्या चालीने उतरलो. आमच्या मागे टँकर साचले. बाजूने एक मेंढपाळ आपला कळप घेऊन पुढे निघून गेला आणि जाताना त्याने ‘बरं नाही का कुणाला?’ असं आपुलकीने विचारलं. शेवटी पोलिसाने थांबवलं.

“मयत आहे का गाडीत?”

“तपास चालू आहे,” उस्ताद म्हणाले.

“कसला?”

“वाऱ्याचा.”

पोलिसाने फरव्याकडे पाहिलं, मग माझ्या टॉवेलकडे पाहिलं, आणि आम्हाला जाऊ दिलं. त्या फिल्ममध्ये वाऱ्याबरोबर टँकरवाल्यांच्या शिव्याही आल्या.

तिसऱ्या खेपेला कॅमेरा आत घेतला. हाजना चालणार नव्हतं, पण उस्तादांना ‘तुलना’ करायची होती. वारा गेला, पण वेगळाच आवाज आला. कट. कट. कट कट.

उस्तादांचा चेहरा उजळला. “गिअरचा दात तुटलाय! वारा म्हणजे निव्वळ दिशाभूल होती.”

गॅरेजवाल्याकडून गिअरबॉक्स उघडवला. दात सगळे जागेवर. गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, “ह्याच्यापेक्षा माझे कमी आहेत.” आम्ही चौघे गप्प उभे होतो, आणि त्या शांततेत मागून आवाज आला. कट. फिद्दा आत्याने बी फोडून साल मुठीत घेतलं आणि आमच्याकडे पाहिलं.

“काय झालं? मी काही बोलले का?”

गुरुवार उजाडला. घाटाच्या माथ्यावर चहाची टपरी आहे, तिथे आम्ही बसलो होतो. राकान दरीकडे बघत होता. चहा त्याने तोंडालाही लावला नाही. उस्ताद खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून चिंतन करत होते. चिंतनाचा आवाज टपरीवाल्यापर्यंत जात होता.

फिद्दा आत्या उठली, गाडीपाशी गेली आणि कॅमेऱ्याला नाक लावून उभी राहिली. मग मला बोलावलं.

“बासिल, ही बारीक भोकं कसली रे?”

“तिथून आवाज आत जातो, आत्या.”

“म्हणजे कानच ना?”

“कानच म्हणायचे.”

“मग उघडे कशाला ठेवलेत मेल्यांनो? हा राकान लहानपणी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि घरी येऊन कान कान करत रडायचा. मी कानावर लोकर बांधायचे. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. इतकं साधं कुणाला सुचलं नाही?”

“लोकर कुठून आणायची इथे?”

आत्याने मान वळवली. मीही वळवली. उस्तादांचा फरवा खुर्चीच्या मागे भरघोस लोंबत होता, आणि त्याच्या खालच्या काठाने लोकर बाहेर डोकावत होती.

आत्याच्या पिशवीत कात्री असते. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी ताईचा भाऊ, उस्तादांचा मदतनीस, मी ओरडायला हवं होतं. पण मी टॉवेल धरून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, गेल्या कित्येक दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तळहाताएवढा तुकडा निघाला. आत्याने तो केसांसकट कॅमेऱ्याच्या कानांवर बसवला, समोरची काच मोकळी सोडली आणि अंड्यांच्या खोक्याचं रबर वरून गुंडाळलं.

एवढ्यात उस्ताद जागे झाले. “सापडलं! खिडक्या बंद असतात म्हणून वारा बाहेर साचतो. चारी खिडक्या उघडा. त्याला आरपार जाऊ द्या!”

आम्ही चारी खिडक्या उघडल्या. कॅमेरा राकानच्या दाराला होता आणि उस्ताद पलीकडच्या बाजूला बसतात, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. घाट उतरलो. खाली धरणापाशी थांबून राकानच्या मोबाइलवर फिल्मची सुरुवात लावली. इंजिन! टायर! दुसऱ्या गिअरचा तो भरलेला, दमदार आवाज! राकानने आत्याला उचलून गरकन फिरवलं. उस्तादांनी दोन्ही हात वर करून अभिनंदन स्वीकारलं. पुढचं कुणी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

शुक्रवारी नमाजानंतर हाज मुफ्लिहची बैठक भरली. भिंतीला लागून सगळे वडीलधारे बसले. बायका आतल्या खोलीत गेल्या, आत्याही. उस्ताद फरवा सावरत पहिल्या रांगेत जाऊन बसले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कॉफीचा पेला राकानचे थोरले चुलते अबू सुल्तान यांच्या हातात आला. त्यांनी तो रीतीप्रमाणे न पिता समोर ठेवला.

“हाज, जे मागायला आलो ते मिळाल्याशिवाय आम्ही कॉफी पिणार नाही.”

“तुमचं येणं मानाने माझ्या डोक्यावर,” हाज म्हणाले. “पण आधी ऐकू.”

राकानने कॅमेरा स्पीकरला जोडला. हाजनी डोळे मिटले. घाट सुरू झाला.

हाजचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप हलत होता. “तिसरा… बरोबर. आता दुसरा… शाब्बास. ब्रेक नाही लावला. वळला.” अबू सुल्तान पेल्याकडे बघायला लागले. राकानने श्वास सोडला.

आणि स्पीकरमधून उस्तादांचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, एकेक शब्द वेगळा.

“राकान, तू उगाच घाबरतोस. त्या म्हाताऱ्याच्या कानात आयुष्यभराचा ट्रक भरलाय. उद्या गाढवाचं ओरडणं पाठव, तरी म्हणेल काय सुंदर गिअर पडला!”

आम्हाला गाडीत काहीही बोलायची सवय लागली होती. इतके दिवस वाऱ्याने सगळं पोटात घातलं होतं.

“हा वारा आहे!” उस्ताद उभे राहून ओरडले. “वाऱ्यामुळे तसा भास होतो!”

“वाऱ्याला आवाज असतो,” हाज डोळे न उघडता म्हणाले. “घाटातल्या वाऱ्याशी माझी जुनी ओळख आहे, तो मला म्हातारा म्हणत नाही. बसा.”

उस्ताद बसले. फिल्म चालूच होती. पुढचा आवाज राकानचा होता. “उस्ताद, गप्प बसा.” मग गिअर पडला.

“थांबव,” हाज म्हणाले. “मागे घे.”

पुन्हा म्हातारा, पुन्हा गाढव, पुन्हा ‘गप्प बसा’. अबू सुल्तानांनी कपाळाला हात लावला. मी दाराचं अंतर मोजायला लागलो.

हाजनी डोळे उघडले. “पोरा, मला कमी दिसतं, त्यामुळे तुझं तोंड बघून मला काही कळणार नाही. तोंडाने सांग. ह्याला गप्प का केलंस? माझा अपमान झाला म्हणून?”

सगळ्या बैठकीने मनातल्या मनात ‘हो म्हण, हो म्हण’ केलं असणार. मी तरी केलं. उस्ताद तर मान डोलावून त्याला खुणावतच होते.

राकानचे कान लाल झाले. “नाही, हाज. ते काय बोलले ते मी आत्ताच ऐकलं. तेव्हा लक्षच नव्हतं. वळण आलं होतं आणि त्यांच्या बडबडीत मला इंजिन ऐकू येत नव्हतं.”

हाजची बोटं गुडघ्यावर थांबली होती. आणि आतल्या दारामागून एक तरुण, चिडका आवाज आला, “बाबा, कॉफी गार झाली!”

हाजच्या मिशा आधी हलल्या, मग खांदे, मग ते असे हसले की कंबर धरावी लागली. “ऐकलंत? मला गप्प करणारी माझ्या घरात आहे, आणि इंजिन ऐकणारा दारात आलाय. घ्या कॉफी, अबू सुल्तान. मुलगी तुमची झाली.”

आतून बायकांच्या आनंदाच्या ‘लुलुलुलु’ आरोळ्या उठल्या. राकान उगाचच माझा टॉवेल घेऊन तोंड पुसत बसला. तोंडावर घाम नव्हता.

हाजनी कॅमेरा हातात घेऊन चाचपला. “हे केसाळ काय आहे ह्याला?”

“मेंढीची लोकर,” राकान म्हणाला.

“फक्कड. कुणाचं डोकं?”

खरं म्हणजे उस्तादांनी ती लोकर त्या क्षणीच पहिल्यांदा पाहिली. पण तेवढ्याने अडतील तर ते उस्ताद कसले? ते उठले, छाती पुढे काढून म्हणाले, “दीर्घ अभ्यासाअंती, माझं,” आणि सगळ्या रांगेला अभिवादन करण्यासाठी झोकात गोल फिरले. त्या गिरकीत फरव्याचं भोक हाज सोडून सगळ्यांना दिसलं. कॅमेऱ्यावरचा तुकडा त्यात अगदी नेमका बसला असता.

हाजना कुणीतरी कानात सांगितलं. त्यांना पुन्हा कंबर धरावी लागली.

परतीच्या घाटात उस्ताद बराच वेळ त्या भोकात बोट घालून बसले होते. मागे फिद्दा आत्या निवांत बिया फोडत होती.

“बासिल,” शेवटी ते म्हणाले, “लिही. पराभूत वाऱ्याने पळताना सूड म्हणून उस्तादांच्या फरव्याचा लचका तोडला.”

मी वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य शब्दशः लिहून घेतलं.

“आणि नायिफ,” आत्या साल खिडकीबाहेर टाकत म्हणाली, “तो फरवा फेकू नकोस हं. वर्षभरात राकानच्या बाळाच्या कानटोपीला लोकर लागेल.”