आधी गूळ, मग प्रश्न!

मी गणिताची बाई. माझ्यापुढं भलेभले आकडे हाताची घडी घालून बसतात! त्यामुळं डॉक्टर जेव्हा म्हणाले, "मॅडम, आता तुम्हाला आकडे सांभाळावे लागतील," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टर, आकड्यांना सांगा की, मला सांभाळून राहा म्हणून!

आकडे म्हणजे शुगरचे. झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात माझ्या पित्ताशयातला एक खडा नको त्या नळीत जाऊन बसला आणि स्वादुपिंड सुजलं. मी दवाखान्यातून धडधाकट घरी आले, पण निम्मं स्वादुपिंड कामातून गेलं. बिचारं पोटात गुपचूप दोन नोकऱ्या करत होतं, हे मला तेव्हा कळलं! एक पाचकरस करायची आणि दुसरी इन्सुलिनची. आता दोन्ही नोकऱ्या माझ्या पर्सला लागल्या. जेवायच्या आधी इन्सुलिनचं पेन टोचायचं आणि घासाबरोबर पाचकरसाच्या कॅप्सूल गिळायच्या.

"हा मधुमेह जरा वेगळा," डॉक्टर म्हणाले. "टाईप तीन-सी."

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत ही बातमी लिफ्टच्या आधी वर पोचली. "तीन? दोनच असतात की!" खालच्या काकू म्हणाल्या. "आणि सी म्हणजे? ए आणि बी कुणाला मिळाले?" ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका गृहस्थानं तर ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "स्वादुपिंड म्हणजे... वहिनी घेतात का हो?"

"घेतात की," हे म्हणाले. "दिवसातनं चार वेळा. आलं घालून."

ते गृहस्थ अजून मला लांबूनच नमस्कार करतात!

पण खरी अडचण आकड्यांची नव्हती. खरी अडचण माझे यजमान, शिवकुमार! वीज कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या घरचे मीटर बघितलेला माणूस. निवृत्त झाल्यावर रिकामे बसले होते, तेवढ्यात त्यांना मी मीटर म्हणून मिळाले.

माझ्या डाव्या दंडाला नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवलाय. तो दर थोड्या वेळानं शुगर मोजतो, माझ्या फोनला सांगतो आणि माझा फोन चुगली केल्यासारखा ह्यांच्या फोनला सांगतो. शेजारी एक बाण. बाण आडवा असला की घरात शांतता. वर गेला की ह्यांच्या भुवया वर. खाली गेला की हे स्वतःच खाली बसतात! एकदा वर्गात मी भागाकार शिकवत होते, तर शिपाई निरोप घेऊन आला. "बाई, साहेबांचा फोन हाय. तुमी नव्वदच्या झाला म्हनं!"

अख्खा वर्ग उभा राहिला. "हॅपी बर्थडे, बाई!"

आणि डिसेंबरात कहरच झाला. हे रोज शाळेच्या फाटकापाशी स्कूटर लावून बसायला लागले. पोरं त्यांना नवीन वॉचमन समजून सायकली सांभाळायला देऊ लागली. मग मात्र मी पदर खोचला.

"रविवारी मी मंगळवेढ्याला गौरक्काकडं हुरड्याला जाणार. एकटी जाणार, एकटी येणार! काही झालं नाही, तर तुमचं फाटकापाशी बसणं बंद."

"आणि झालं तर?"

"तर फाटकात कशाला? वर्गात मागच्या बाकावर येऊन बसा!"

हे कबूल झाले. पण चेहरा असा केला, जणू मी मंगळवेढ्याला नाही, मंगळावर चाललेय.

एसटीत बसल्यापासून फोन सुरू. "खिडकीपाशी बसलीस का? एकशे बत्तीस आहेस." कामतीला पुन्हा फोन. "एकशे अठ्ठावीस. छान. अशीच राहा." शेवटी मी सांगितलं, आता फोन केलात तर मी नुसत्या रागानं दोनशे होईन!

गौरक्का म्हणजे माझी थोरली बहीण गौरम्मा. तिचं रान मंगळवेढ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. कडेला हुसेनसाबांची चहाची टपरी. काळी जमीन, पुरुषभर उंच ज्वारी आणि आगटीतून निघणारा धूर. अक्का गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवागार हुरडा ताटात टाकत होती. गुळभेंडीचा हुरडा, शेंगाचटणी, घट्ट दही, हरभऱ्याचा डहाळा! मी अंदाज घेतला, हिशोब केला, इन्सुलिन टोचलं, कॅप्सूल गिळल्या आणि बेतानं, चवीनं, मनसोक्त जेवले. नंतर फोन बघितला. एकशे अडतीस, बाण आडवा! असं वाटलं, स्वतःच्या वहीवर स्वतःच "शाब्बास" लिहावं.

इथवर सगळं बरोबर होतं. गणित चुकलं ते पुढं.

कडुलिंबाच्या झाडाखाली बाज होती. थंडीतलं ऊन अंगावर येत होतं. पर्स फांदीला अडकवली आणि मी जरा आडवी झाले, डाव्या कुशीवर. आता सेन्सर डाव्याच दंडाला, हे मी सांगितलंय. आणि अंगाखाली दबला की सेन्सर खोटं बोलतो, शुगर उगाचच खाली दाखवतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं! पर्समध्ये फोन बोंबलत होता म्हणे. पण शेजारच्या रानात सोलापूरहून एक मोठी हुरडा पार्टी आली होती आणि त्यांच्या स्पीकरपुढं माझ्या फोनची काय कथा! मी ढाराढूर झोपले.

तिकडं घरी काय झालं, ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

हे जेवायला बसले होते. पहिला घास हातात. फोन किंचाळला. चौपन्न, बाण खाली! ह्यांनी मला फोन लावला. मी झोपेत. अक्काला लावला. अक्काचा फोन घरी चार्जिंगला. मग ह्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर घाईघाईत लिहिलं: "महेश्वरीला साखर कमी पडली आहे. जो जवळ असेल त्याने ताबडतोब रानात साखर पोचवावी!" तेवढ्यात आठवलं, मागच्या खेपेला हुसेनसाबांना चहाचे पैसे फोनवरून दिले होते. नंबर सापडला.

"हुसेनसाब, पळा! बाईंची शुगर खाली गेलीय!"

"काय करू, सायेब?"

"आधी गूळ, मग प्रश्न! आणि नीट ऐका. ती म्हणेल मला काही झालं नाही. विश्वास ठेवू नका. चिडेल. चिडणं हे लक्षणच आहे. जीभ अडखळेल, तेही लक्षणच. तुम्ही गूळ सोडू नका, मी निघालोच!"

मला कुणीतरी गदागदा हलवलं. डोळे उघडले, तर समोर हुसेनसाबांची दाढी. "काय झा—" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिंबाएवढा गुळाचा खडा आत गेला!

"हुहेनहाब, ए काय—"

"बगा! जीब अडकाय लागली!" हुसेनसाब ओरडले.

अक्का आगटी सोडून धावत आली. घाबरली की ती आधी कन्नडात ओरडते. "अय्यो! तिन्नव्वा, तिन्नु!" म्हणजे 'खा गं, खा!' करत तिनं आणखी गूळ माझ्या दोन्ही हातांत कोंबला.

मी कसाबसा खडा गिळला. "मला काहीही झालेलं नाही!"

"सायेबांनी सांगितलंय, तुमी असंच म्हननार."

"हे बघा, मी आता चिडेन हं!"

"त्ये बी सांगितलंय!"

आता सांगा, यावर माणसानं बोलायचं काय? गप्प बसले, तर अक्का किंचाळली, "गप पडली! शुद्ध चालली हो!"

शेजारच्या पार्टीचा स्पीकर बंद पडला आणि अख्खी पार्टी बांध ओलांडून आली. कुणी थंड पेयाची बाटली तोंडाला लावली, कुणी सरबताचा तांब्या. एका बाईनं डब्यातली गुळाची शेंगापोळी काढून भरवली. खोटं कशाला सांगू, शेंगापोळीला मी फारसा विरोध केला नाही. दवाखान्यातून आल्यापासून तिची नि माझी भेट नव्हती हो!

तेवढ्यात मोटारसायकल आली. अक्काचा मुलगा अनिलकुमार. मंगळवेढ्यात त्याचं किराणा दुकान. ग्रुपवरचा निरोप वाचून त्याला वाटलं, मावशीच्या हुरड्यात चहाला साखर संपली. त्यानं टाकीवरचं पोतं खाली उतरवलं.

"मावशी, दहा किलो पुरंल का? का आजून आनू?"

हुसेनसाबांनी पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज एकदम बारीक.

"धा किलो? एवडी खाली गेलीया व्हय?"

माझी सहनशक्ती संपली. मी फांदीवरची पर्स ओढली, बोट टोचायचं मशीन काढलं. म्हटलं, आता रक्तच दाखवते, मग तरी पटेल! टोचलं, थेंब दिला. मशीननं आकडाच दिला नाही. नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहिलं.

"काय आलं?" अक्का.

"हाय."

"काय हाय?" हुसेनसाब.

"अहो, हाय आलंय!"

"व्हय, पन काय हाय?"

"हाय म्हणजे सहाशेच्या वर!" मी ओरडले आणि ऐकून माझी मीच घाबरले.

नेमका तेव्हाच हुसेनसाबांचा फोन वाजला. हे बेगमपूरच्या पुलाजवळ स्कूटर थांबवून बाण बघत होते. मी उठून बसल्यानं सेन्सर मोकळा झाला होता आणि आता बाण रॉकेटसारखा सरळ वर! "गूळ बंद!" फोनमधून आवाज आला. "पाणी पाजा! चालवा तिला, चालवा!"

झालं! एका दंडाला अक्का, दुसऱ्या दंडाला शेंगापोळीवाली बाई, पुढं हुसेनसाब वाट मोकळी करत आणि मागं अख्खी हुरडा पार्टी. ज्वारीच्या कडेनं माझी वरात निघाली. फक्त वाजंत्री नव्हती!

चालता चालता माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. सेन्सर म्हणतो दोनशे दहा. मशीन म्हणतं सहाशेच्या वर. दोन्ही उत्तरं बरोबर असूच शकत नाहीत! मी थांबले आणि बोटांकडं बघितलं. बोटं गुळानं चिकट, चमचमती. म्हणजे मी माझी शुगर मोजलीच नव्हती. मी गूळ मोजला होता!

नळावर हात स्वच्छ धुतले, पुसले आणि पुन्हा टोचलं. दोनशे छत्तीस. हुश्श! डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "डाव्या कुशीवर झोपला होता का?" मग पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं तेवढं इन्सुलिन मी घेतलं.

आणि हे आले. स्कूटर आडवीच टाकली. डोक्यावर हेल्मेट, अंगभर धूळ, उजव्या हाताला आमटी वाळलेली. भरल्या ताटावरून हातही न धुता उठले होते. मी समोर उभी, ठणठणीत! मला बघितलं, काहीतरी बोलायला गेले आणि तिथंच मातीत मटकन बसले. घामाघूम.

"अहो!"

"काही... काही झालं नाही मला," हे म्हणाले.

"असंच म्हनत्यात!" सगळे एका सुरात ओरडले आणि हुसेनसाबांनी गुळाचा खडा पुढं केला. बाणागत नेमका तोंडात बसला!

उपाशीपोटी एवढं अंतर स्कूटर हाणली होती, दुसरं काय! अक्कानं ताट वाढलं. हे बाजेवर बसून हुरडा खाऊ लागले. माझी जीभ शिवशिवत होती. सगळ्या रानादेखत माझी शोभा केलीत, असं म्हणणार होते. तेवढ्यात हेच बोलले. ताटाकडं बघत.

"दवाखान्यात तू आत होतीस ना, तेव्हा मी काचेबाहेर उभा. हातात काही नाही. कुणी काही सांगत नाही. नुसतं उभं राहायचं. आता निदान आकडा तरी दिसतो गं."

माझ्या तळहातावरचा हुरडा त्यांच्या ताटात टाकला. मग म्हटलं, "उद्यापासून फाटकापाशी बसायचं नाही. मधल्या सुट्टीत मी फोन करीन. रोज."

"नक्की?"

"नक्की. आणि उजव्या कुशीवर झोपीन."

"मग पैज कोण जिंकलं?"

"हुसेनसाब!"

हे एवढे हसले, की ठसका लागला. हुसेनसाब लगेच सरबताचा तांब्या घेऊन धावले.

निघताना अनिलकुमारनं पोतं परत न्यायला साफ नकार दिला. ह्यांच्या सरबतासाठी अक्कानं ते फोडलं होतं आणि फोडलेला माल दुकानात ठेवत नाहीत म्हणे. मग काय, एकटी परत येणार होते ती मी स्कूटरवर ह्यांच्या मागं बसून आले, दोघांच्या मध्ये साखरेचं पोतं घेऊन.

सोसायटीच्या फाटकात वॉचमन निंगप्पानं पोतं उतरवून घेतलं. लेबल वाचलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा लेबल वाचलं.

"बाई, तुमाला शुगर झाली म्हनत हुते की! मग ह्ये काय?"

मी मान ताठ ठेवून म्हटलं, "औषध आहे."

खोटं नाही बोलले हो! डोस तेवढा जरा जास्त होता.