धबधब्याला चोवीस टाय

वायरींच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या कारखान्यात अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात. एकदाच म्हणाले, तेही चहा पिता पिता, पण म्हणाले होते!

मोठमोठ्या यंत्रांची विजेची पॅनल्स जोडणं हे माझं काम. कपाटाएवढी पेटी आणि तिच्यात चारचारशे वायरी. पण माझ्या पॅनलचं दार उघडून बघा! एक वायर दुसरीच्या वाटेला जाणार नाही. प्रत्येक जुडगा केबल टायनं, म्हणजे प्लॅस्टिकच्या दातेरी पट्टीनं, आवळलेला, प्रत्येकावर नंबर. असा मी शिस्तीचा माणूस, आणि माझ्याच घरात माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे केस!

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरतच नाही. केस कमरेपर्यंत, दाट, नागमोडी. लोक बघून म्हणतात, “काय सुंदर केस हो!” लोकांचं काय जातं? सकाळी सोडवलेले केस दुपारपर्यंत पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात. एकदा घरातला रिमोट हरवला म्हणून मी त्या केसांतही शोधून पाहिला. रिमोट मिळाला नाही, पण रंगीत खडू दोन मिळाले.

रोज सकाळी चाळीस मिनिटं हा कार्यक्रम चालतो. बायको विंचरते, भिंगरी किंचाळते आणि मी चहा पीत मार्गदर्शन करतो.

“तुमच्या कामात सिस्टीम नाही,” मी एकदा म्हणालो. “माझ्याकडे द्या, दहा मिनिटांत विषय संपवतो!”

बायकोनं कंगवा हातात धरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मी तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं.

झालं असं, की भिंगरीच्या शाळेत नाटक बसलं आणि तिला धबधब्याचं काम मिळालं. केस बघूनच मिळालं. तिनं डोंगरावर उभं राहायचं, मान खाली घालून केस पुढे सोडायचे आणि म्हणायचं, “मी थांबत नाही, मी वाहत जाते!” बाईंनी बजावलं होतं, केस मोकळे हवेत आणि गुंता एकही नको. नाहीतर कागदाचा धबधबा तयार आहे, भिंगरीला मग दगड नंबर तीन करू.

“दगडाला वाक्यच नसतं, बाबा,” भिंगरी मला काळजीनं सांगायची. पंधरा दिवस आमच्या सोफ्यावरून धबधबा कोसळत होता. झोपेतसुद्धा वाहत होती पोर!

आणि नेमकं नाटकाच्या आदल्या दिवशी बायकोला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी अकराला ती परस्पर शाळेच्या हॉलवर येणार होती. निघण्याआधी तिनं भिंगरीचे केस धुतले, कंडिशनर लावलं, टोकापासून वर विंचरत आणून रेशमासारखे केले आणि माझ्यासमोर एक कापडी रबर ठेवलं.

“झोपताना एक सैल वेणी घाल. एवढंच. सकाळी रबर काढ. दुसरं काहीही करू नकोस.”

“एवढंच?”

“एवढंच! आणि काही झालं तरी एक केस कापायचा नाही. तिला वचन दिलंय मी.”

ती गेली. मी त्या रबराकडे पाहिलं. सैल! सैल म्हणजे काय? चारशे वायरी आवळणाऱ्या माणसाला एक सैल वेणी? रात्रभर पोर लोळणार, वेणी सुटणार, सकाळी गुंता. सिस्टीम हवी!

संध्याकाळी जेवण झाल्यावर मी भिंगरीला स्टुलावर बसवलं आणि कामाची पेटी उघडली. केसांचे बारा सारखे भाग केले. प्रत्येक भागाला कानाखाली एक टाय, टोकाशी एक टाय. बारा दुणे चोवीस, पांढरेशुभ्र! प्रत्येक जुडग्यावर नंबराची चिठ्ठी. कारखान्यात टायचं उरलेलं शेपूट आम्ही कापून टाकतो, पण भिंगरी म्हणाली, “शेपट्या राहू देत ना, बाबा!” म्हणून राहू दिल्या. पोरीनं आरशात पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. मी पण मनातल्या मनात पिटल्या.

सकाळी उठून पाहिलं तर एक केस हललेला नाही! बारा जुडगे जसेच्या तसे. मी ऐटीत फोटो काढला आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. धडाधड उत्तरं आली. “पॅनल पास!” “नंबर सात थोडा वाकडा.” साहेबांनीसुद्धा शाबासकीचा अंगठा पाठवला. मग आमच्या उस्तादांचा मेसेज आला. उस्ताद म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने वायरमन, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो.

त्यांनी लिहिलं होतं, “छान. उघडणार कसं?”

चहाचा घोट माझ्या नाकातून बाहेर आला.

मंडळी, केबल टाय एकदा आवळला की आवळला. तो पुढे सरकतो, मागे येत नाही. वीस वर्षं मी टाय लावतोय आणि वीस वर्षं काढायचा झाला की कटरनं कापतोय. वायरीवरून कापायला सोपा असतो हो! इथे टायच्या खाली केस, टायच्या वर केस, आणि मध्ये कटरचं पातं जायला जागा नाही. अशी कशी जागा नाही? रात्री मी बोटभर जागा ठेवली होती!

“भिंगरे, हे एवढे घट्ट कसे झाले?”

“मी केले!” ती खुशीत म्हणाली. “शेपटी ओढली की कर्र वाजतं, बाबा. झोप येईपर्यंत मी सगळे वाजवले!”

सगळे! चोवीसच्या चोवीस! मी गुपचूप कटर उचलला. पण ती माझीच मुलगी, कटर ओळखते. एका उडीत न्हाणीघरात गेली आणि आतून कडी!

“भिंगरे, दार उघड. नुसतं बघतो.”

“नाही! तुम्ही कापणार! वाचवा! बाबा कापतायत! मला दगड व्हायचं नाहीये!”

हे शेवटचं वाक्य कोणी ऐकलं नाही. त्याआधीचं मात्र जिन्यापर्यंत पोचलं. समोरच्या काकू घरी शिवणकाम करतात. त्या गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची उशी, हातात त्यांची ती भलीमोठी कात्री अशा धावत आल्या.

“कोण कोणाला कापतंय?” त्या ओरडल्या. हातातली कात्री त्या विसरल्या होत्या. मी विसरलो नव्हतो, मी खुर्चीमागे होतो.

सगळं समजावून सांगितल्यावर भिंगरी बाहेर आली. काकूंनी तिचं डोकं चारी बाजूंनी पाहिलं.

“शिकलेसवरलेले ना तुम्ही?” एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी उपाय काढला, तेल! वाटीभर तेल चोवीस टायवर ओतलं. टाय तसूभर हलले नाहीत. काकूंची बोटं घसरली, माझी घसरली, तेल भिंगरीच्या मानेवरून फ्रॉकवर आणि फ्रॉकवरून फरशीवर आलं. फरशीवर मी घसरलो. साडेआठ वाजले.

“कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये न्या,” काकू म्हणाल्या. “नाही, थांबा. तुम्ही एकटे नकोच. मीही येते.”

रस्त्यानं आमची वरात निघाली. पुढे तेलानं चमकणारी भिंगरी, बारा जुडगे हलवत. तिची मान अशी ताठ की जणू सगळा रस्ता तिच्याकडेच बघतोय, आणि खरंच बघत होता!

सलूनमध्ये पलीकडच्या इमारतीचे वॉचमन दाढीला बसले होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. सलूनवाले काका वस्तरा थांबवून भिंगरीकडे पाहत राहिले.

“पाच मिनिटांत मोकळं करतो!” ते म्हणाले आणि त्यांनी केस कापायचं मशीन उचललं. मशीन नुसतं गुरगुरलं आणि भिंगरी वॉचमनच्या मांडीवर चढून बसली. तिच्या तेलाचा त्यांना आणि त्यांच्या फेसाचा तिला बराच लाभ झाला.

“कापायचे नाहीत!” ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही हातांनी जुडगे घट्ट धरले. आत्तापर्यंत ती ओरडत होती, ते मला चालत होतं. आता ती हळूच म्हणाली, “बाबा, मी दगड होणार ना?”

मंडळी, वीस वर्षांची हुशारी त्या एका प्रश्नापुढे मातीमोल झाली. मी लाज गुंडाळून उस्तादांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“अरे शहाण्या,” उस्ताद कडाडले, “कापतोस काय? टायच्या डोक्यात एक बारीक दात असतो. टाचणीनं तो दात उचलायचा आणि पट्टी मागे ओढायची! पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं तुला. तेव्हा तू म्हणालास, एवढा वेळ कोणाला आहे!”

सलूनमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

काकूंनी मनगटावरची उशी पुढे केली. एक टाचणी त्यांनी घेतली, एक सलूनवाल्या काकांनी, एक वॉचमननी, एक मी. भिंगरीला खुर्चीत उंच बसवलं आणि चौघं चार बाजूंनी भिडलो. पहिला टाय काकूंनी काढला. पट्टी सुळकन मागे आली आणि भिंगरीनं आरोळी ठोकली! मग काकांचा निघाला, मग वॉचमनचा. माझा निघेना. घाईघाईत टाचणी दाताऐवजी माझ्याच बोटात जात होती. शेवटी काकू म्हणाल्या, “तुम्ही मोबाइलचा टॉर्च धरा बघू.” मी धरला.

तेवढ्यात त्याच मोबाइलवर बायकोचा व्हिडिओ कॉल! हात तेलकट, बोट घसरलं आणि कॉल लागला.

“झाले का केस मोकळे?”

“होतायत!” मी मोबाइल छताकडे धरला.

“कुठे आहेस? तो घरघर आवाज कसला?”

“मिक्सर!” मी म्हणालो. काकांनी डोकं धुवायचं म्हणून पाण्याचा पंप चालू केला होता.

“आणि हे कोण?”

वॉचमन कुतूहलानं वाकून मोबाइलमध्ये डोकावले होते. एक गाल फेसाचा, तोंडात टाचणी.

“पाहुणे आलेत,” मी म्हणालो आणि फोन बंद केला.

पावणेदहाला चोविसावा टाय निघाला! काकांनी दोनदा केस धुतले, काकूंनी पुसले, मग काकांनी ड्रायर मारला आणि काकूंनी मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकापासून वर विंचरलं. एक किंकाळी नाही! रात्रभर आवळलेले केस मोकळे झाले ते असे फुलले, की मूळच्या दुप्पट दिसायला लागले. वॉचमन म्हणाले, “हा धबधबा नाही साहेब, पूर आहे!” ते दाढी अर्धी ठेवूनच आमच्याबरोबर नाटकाला निघाले. सलूनवाल्या काकांनी तर दुकानाचं शटरच खाली ओढलं.

घरून धुतलेला फ्रॉक घालून आम्ही अकराला पाच कमी असताना हॉलवर पोचलो. बाईंनी केसांवरून हात फिरवला. एक गुंता नाही! कागदाचा धबधबा कपाटातच राहिला. भिंगरी माझ्याकडे न बघताच आत पळाली, मी तिला कधी इतकं खूश पाहिलं नव्हतं.

बायको आधीच येऊन बसली होती. पडदा उघडला. पुठ्ठ्याच्या डोंगरावर माझी भिंगरी उभी. तिनं मान खाली घातली आणि ते सगळे केस एकदम पुढे कोसळले. हॉलमध्ये “अहाहा!” झालं. “मी थांबत नाही, मी वाहत जाते!” तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली?

“शाबास रे,” बायको कुजबुजली. “एकही केस कापला नाहीस? गुंतासुद्धा नाही! कसं जमवलंस?”

“सिस्टीम!” मी म्हणालो. छाती आपोआप पुढे आली.

नाटक संपलं. बाईंनी माइक घेतला आणि भिंगरीला जवळ घेतलं.

“आमच्या धबधब्याचे केस किती सुंदर आहेत ना! कोणी केले गं तुझे केस?”

भिंगरीनं माइक दोन्ही हातांनी धरला.

“मागचे सलूनवाल्या काकांनी,” ती खणखणीत म्हणाली. “या बाजूचे काकूंनी. आणि ते तिथे बसलेत ना, अर्धी दाढीवाले, त्यांनी पुढचे!”

“अरे वा! आणि बाबांनी?”

“बाबांनी बांधले होते,” भिंगरी म्हणाली. “मग ते कोणालाच सुटेनात!”

सगळा हॉल हसला. बायको हसली नाही. ती सावकाश माझ्याकडे वळली, मग मागच्या रांगेतल्या अर्ध्या दाढीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“पाहुणे?” ती म्हणाली.

मी जोरजोरात टाळ्या वाजवत राहिलो. बराच वेळ, एकटाच.