सर्व्हेअरची तिसरी वाटी

बडनेऱ्यात विम्याचे कागद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस एकच, आणि तो मी! स्टेशनजवळ माझं भोजनालय आहे. त्यातला डीप फ्रीझर इतका जुना की त्याचा विमा उतरवायला कोणी धजेना. शेवटी एजंट श्यामनं तोड काढली. मशीनचा विमा नाही, पण ती बंद पडून आतला माल नासला तर मालाची भरपाई. मी चष्मा पुसून पुसून अठरा पानं वाचली, सह्या ठोकल्या आणि दामिनीला, म्हणजे आमच्या मंडळींना, ऐकवलं, "आता फ्रीझर मेला तरी आपण जित्ते!"

ऐन मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना, फ्रीझर मेला. पहाटे एकदा खोकला आणि गप्प झाला. आत चाळीस किलो आमरस, वर पनीर आणि खवा. मेकॅनिक आला, आत डोकावला आणि मान हलवून म्हणाला, "काही उरलं नाही भाऊ यात. नवाच घ्या." नवा घेण्याची ऐपत नव्हती. भरपाई मिळाली नाही तर उन्हाळाभर भोजनालयाला कुलूप, हे सरळ दिसत होतं. तरी मला घाम फुटला नाही. उन्हाचा फुटला तेवढाच.

मी श्यामला फोन लावला.

"अकोल्यावरून कंपनीचे सर्व्हेअर येतीन संध्याकाळी," तो म्हणाला. "नासलेला माल त्यायले सोताच्या डोयानं पाहा लागते. तवरक काहीच फेकू नोका!"

"कलम सात! मले नोको शिकवू."

भरपाईसाठी मेकॅनिकचं शिक्क्याचं पत्र लागणार होतं. ते आणायला मी त्याच्या अमरावतीच्या दुकानात जायला निघालो. जाताना दामिनीला बजावलं, "फ्रीझरातलं काही फेकाचं नाही. एक चमचाही नाही!"

"मी काहून फेकू?" ती दुखावल्यासारखी म्हणाली.

तिच्या माहेरी, चांदूर रेल्वेला, ताटात शीत ठेवून उठलेल्या माणसाशी तिचे वडील दिवसभर बोलत नसत. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

दीड वाजता परतलो तर दारासमोर चपलांचा ढीग! कोणी गेलं की काय? आत पाहतो तर पंगत बसलेली. सगळी गल्ली, रेल्वेचे हमाल, शाळेतले दोन मास्तर. दामिनी पदर खोचून वाढत होती.

"हे काय करून राहिली तू?"

"नासाच्या आत कोनाच्या पोटात तं गेलं पाह्यजे! तुमीच म्हनलं ना, फेकाचं नाही म्हनून? पनीरची भाजी केली, खव्याच्या पोया केल्या. रसही संपलाच."

मी मेलेल्या फ्रीझरवर बसलो. "अवं, सर्व्हेअर येतीन ना संध्याकाळी!"

"ते तं बाराच्या गाडीनंच आले. उन्हातून आले बिचारे. म्हनलं, आधी जेवा, काम मंग करजा."

कोपऱ्यात केशवराव सर्व्हेअर मांडीशी बॅग घेऊन बसले होते. पुढ्यात रसाची तिसरी वाटी. तीही रिकामी.

"लई दिवसानं असं जेवलो," ते समाधानानं म्हणाले. "चाला, आता नासलेला माल दाखवा."

मी वाटीकडे पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं. बोट चाटायचं थांबलं.

"साहेब, हाच."

केशवराव पांढरेफटक पडले. पोटावर हात गेला.

"भेऊ नोका जी," दामिनी म्हणाली. "नासाच्या आधीच काढला मी."

मी हात जोडले. भरपाई नाही तर भोजनालय बंद, सगळं खरं खरं सांगितलं. मला अगदी रडू येत होतं.

"मले वाईट वाटते भाऊ," केशवराव म्हणाले. "पन नासलेला माल पाह्यला, असं मी कसं लिहू?"

"थोडासा तरी आंबूस लागला असन ना, साहेब? नीट आठवून पाहा!"

माणूस दयाळू होता. त्यांनी डोळे मिटले, टाळूवरून जीभ फिरवली. "तसं म्हनलं तं... जरासा..."

"आंबूस?" दामिनी पळी घेऊन पुढे आली. "माह्या हातचा रस आंबूस? विचारा ना पंगतीले!"

पंगतीनं एका सुरात ग्वाही दिली. मास्तर तर उभे राहून बोलले! केशवरावांनी उसासा टाकला आणि पेन उघडलं.

आठ दिवसांनी अहवालाची प्रत आली: 'यंत्र बंद होते. माल स्वतः चाखून तपासला. दर्जा उत्तम. नुकसान निरंक.'

दामिनीनं तो कागद फ्रेम करून गल्ल्यामागे लावला. भरपाई आली नाही, पण कुलूपही लागलं नाही. गिऱ्हाईक येतं, कागद वाचतं, मान डोलावतं, जेवायला बसतं आणि सगळ्यात आधी थंड पाणी मागतं. मग मी गोणपाट घेऊन भर उन्हात रसवंतीवाल्याकडे बर्फाची लादी आणायला निघतो.