बादगीरातला हुंकार

"हेच ते घर!" कियूमर्सने इतक्या ठामपणे सांगितलं की एखाद्या यझदकरालाही खरं वाटलं असतं. वास्तविक हा तेहरानचा गडी आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या गावात आला होता. पण होणाऱ्या सासऱ्यापुढे "यझदचा बोळ न्‌ बोळ मला पाठ आहे" असं बोलून बसला होता, आणि सासरा काही साधासुधा नव्हता. आगा फरामर्झ म्हणजे निवृत्त न्यायाधीश. साक्षीदारांचा खोटेपणा हुंगण्यात त्यांची हयात गेलेली. नवरोझच्या सुट्टीत ते पत्नी पूरान खानम आणि मुलगी नस्तरन यांना घेऊन आले होते, ते एका अटीवर. दिवसभर या मुलाला पारखायचं आणि रात्री जेवताना हो की नाही ते सांगून टाकायचं. नाही म्हणाले की संपलं, नस्तरनला विसरायचं.

कियूमर्सला हवं होतं एक उंच बादगीराचं जुनं घर, जिथे आता हॉटेल चालतं. पण बादगीर, म्हणजे वारा धरून खाली घरात सोडणारा मनोरा, आमच्याकडे ज्याच्या त्याच्या छपरावर असतो. तेहरानचे लोक आले की त्यांना त्याचं भारी कौतुक. हे चौघेही माना वर करून चालले होते, आणि अशा चालण्यात बाजार कधी मागे पडला आणि मातीच्या भिंतींचा बोळ कधी सुरू झाला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कमानींखाली भर दुपारी अंधार होता. माणूस नाही, मांजर नाही. स्वतःचीच पावलं मागून कोणी येत असल्यासारखी वाजत होती. नस्तरनने दोनदा वळून पाहिलं.

दाराला हात लावायच्या आत दार आपणच आत गेलं.

आत बादगीराखालचं मोठं दालन होतं. मधोमध लहानसा हौद, त्यावर वरून उतरणारा गार वारा. भिंतीला टेकून वीसेक माणसं काळ्या कपड्यांत बसलेली, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. सगळ्यांनी एकदम माना वळवून या चौघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

"बघा आगाजान, काय डोकं चालवलंय जुन्या लोकांनी!" कियूमर्स म्हणाला. "वारा वरून आत घ्यायचा, पाण्यावरून फिरवायचा की झाला गार. ना वीज, ना यंत्र!"

"ते दिसतंय. पण ही माणसं अशी गप्प का?"

"उंची हॉटेल आहे. इथे आरडाओरडा चालत नाही."

काळी चादर घेतलेली एक म्हातारी आली आणि काही न विचारता आंबट आशचे, म्हणजे दाट सारासारख्या सूपचे वाडगे, खजूर आणि केशराचा हलवा समोर ठेवून गेली. ही बीबी गोहर, त्या घराची मालकीण. आलेल्या पाहुण्याला "तुम्ही कोण?" असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, जीव गेला तरी नाही. आगा फरामर्झांनी आशचा घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा! पोरा, जागा शोधलीस खरी." कियूमर्सच्या जिवात जीव आला.

पूरान खानमनी मात्र चुटकी वाजवली. "अहो बाई, हलव्यात वेलची कमी पडलीय. दुसरा आणा बघू. आणि जरा गरम!"

बीबी गोहर दुसरा हलवा घेऊन आली आणि तिथेच बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "खा बाई, पोटभर खा. माझ्या हाजींच्या नावाचा हलवा आहे. त्यांना पोचेल."

कोनाड्यात एका म्हाताऱ्याची तसबीर होती, कोपऱ्याला काळी फीत लावलेली. चौघांचे चमचे जिथल्या तिथे थांबले. कोपऱ्यातल्या बायकांचे खांदे चादरींखाली गदगदा हलत होते.

"कियूमर्स," आगा फरामर्झ दातांवर दात दाबून म्हणाले, "तू आम्हाला हॉटेलात आणलंस की मयताच्या घरी?"

आता "चुकलो" म्हणायला काय झालं होतं? पण नाही. "मुद्दामच आणलं, आगाजान," तो म्हणाला. "हाजी माझे जुने स्नेही. सुट्टीचा बेरंग नको म्हणून आधी बोललो नाही."

"अगं बाई! ओळखत होतास त्यांना?" बीबी गोहरने त्याचा हात धरला. "मग बाळा, दोन शब्द बोल की. सकाळपासून कोणी धड बोललेलं नाही."

कियूमर्स उभा राहिला. "हाजी म्हणजे देवमाणूस," त्याने सुरुवात केली.

बादगीरातून खोल, थंड हुंकार आला. "हं..."

हौदातलं पाणी थरथरलं. पूरान खानमनी नवऱ्याची बाही पकडली. "वारा आहे, वारा," आगा फरामर्झ म्हणाले, पण त्यांचाही रंग उतरला होता.

"कोणावर कधी आवाज चढवला नाही त्यांनी," कियूमर्स कसाबसा म्हणाला.

"पुढे बोल," वरून आवाज आला.

कियूमर्सच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. दालनात कोणी हललं नाही, कोणी वर पाहिलं नाही, जणू त्या आवाजाची सगळ्यांना सवय होती. तेच जास्त भयंकर होतं. "मी... मी त्यांच्या डाळिंबाच्या बागेत..."

"बाग नाही मला," आवाज म्हणाला. "पण बोल. गोड वाटतंय."

झालं! कियूमर्सने गुडघेच टेकले. "हाजी, माफ करा! मी तुम्हाला ओळखत नाही! यझदला पहिल्यांदाच आलोय! हॉटेल समजून शिरलो आणि यांच्यासमोर कबूल करायची लाज वाटली! मला नस्तरनशी लग्न करायचंय हो, एवढंच एक खरं आहे!"

मग वरून आवाज कडाडला, "काय करंटा आहे! इतकं छान चाललं होतं!"

जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी, मधे खोकला. पडदा सरकला आणि तसबिरीतला म्हातारा अंगभर धूळ घेऊन समोर उभा राहिला. पूरान खानम किंचाळून थेट बाजूला ठेवलेल्या आशच्या पातेल्यावर बसल्या.

"तुम्हाला बजावलं होतं ना," बीबी गोहर उसळली, "मेलेल्या माणसाने मधे बोलायचं नाही म्हणून!"

त्यासरशी काळ्या चादरींखालून हसू फुटलंच. बायका मघापासून रडत नव्हत्या, हसू दाबत होत्या.

"हसा!" हाजी अबूतोराब म्हणाले. "अहो साहेब, मेल्यावर लोक काय बोलतील ते ऐकायला मी थोडाच असणार? म्हटलं, जिवंतपणीच एकदा ऐकून घ्यावं. सगळ्या नातेवाइकांना बोलावलं, वर जाऊन बादगीराच्या झरोक्याशी बसलो. पुतण्या म्हणतो चिडका होता. जावई म्हणतो घोरायचा. बायकोने तर जेवायला वाढायचं निमित्त करून तोंडच उघडलं नाही. बरं बोलला तो एकटा हा, आणि हाही खोटारडा निघाला!"

सगळ्यांचे डोळे आगा फरामर्झांकडे वळले. नस्तरन रडवेली झाली होती. कियूमर्स गुडघ्यांवरच होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हाजी," ते म्हणाले, "वर नीट ऐकू येतं?"

"शब्द न्‌ शब्द."

"जागा दाखवता का जरा?"

दोघं म्हातारे जिना चढून गेले. गार वारा उतरला आणि त्याबरोबर बादगीरातून नवा, गंभीर आवाज आला, "मी गेलोय असं समजा. कोणाला माझ्याबद्दल काही बोलायचंय का?"

कियूमर्सने तोंड उघडलं. पण पातेल्यावरून उठून पूरान खानम पुढे आल्या, ओल्या झग्याकडे न पाहता हौदाशी उभ्या राहिल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "थांब पोरा. आधी मी."

मग त्या बोलल्या. लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. सासूबाई झाल्या, नणंदा झाल्या, कोर्टातला आवाज घरात वापरण्याची खोड झाली, विसरलेले वाढदिवस झाले. भिंतीकडच्या बायका सरकत सरकत जवळ आल्या. बीबी गोहरने त्यांना मधे पाणी आणून दिलं. वरून एकही हुंकार आला नाही.

बऱ्याच वेळाने आगा फरामर्झ खाली उतरले. धुळीने भुवयासुद्धा मातकट झाल्या होत्या. ते सरळ कियूमर्सपाशी गेले आणि त्याला हात धरून उठवलं.

"लग्न याच महिन्यात उरकून टाकू," ते म्हणाले. "आमच्या घरात खोटं का होईना, पण चांगलं बोलणारा एक तरी माणूस पाहिजे."