जाळीची वायर

इंगवल्यांनी स्वयंपाकघरात वूफर बसवला होता. पुन्हा सांगतो, स्वयंपाकघरात. सभ्य माणसं जिथे पीठमिठाचे डबे ठेवतात तिथे, ओट्याखाली, ह्या गृहस्थाने मांडीएवढ्या उंचीचं लाकडी खोकं ठेवलं होतं आणि त्यात ॲम्प्लिफायर आणि परातीएवढा भोंगा. कॅसेट डेक मात्र बाहेरच्या खोलीत. मधे लांबलचक वायर. आणि ती वायर जोडली की भोंगा दिवसभर घूंऽऽऽ करायचा. गाणं असो वा नसो, घूंऽऽऽ.

त्या घूंच्या बरोब्बर खाली आम्ही राहत होतो.

चंदीगडच्या सरकारी क्वार्टरांचा स्लॅब तो केवढा! आमच्या फळीवरचे पेले चालायला लागत. तुरीची डाळ डब्यातल्या डब्यात निवडून निघे. खडे एका अंगाला, डाळ एका अंगाला. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. शेवटी एक दिवस मी तणतणत वर गेलो. म्हटलं, आज ह्या माणसाला सोडायचा नाही.

दार उघडताच तेच माझ्यावर ओरडले. "आलात? ऐकू आलं ना तुम्हालासुद्धा? सांगा आता त्या वायरवाल्याला! चोर आहेत साले, चोर!"

मी भांडायला आलोय हे सांगायचं राहूनच गेलं.

इंगवले कोल्हापूरकडचे, माझ्यासारखेच बदलीवर आलेले केंद्र सरकारचे नोकर. आवाज असा की "चहा घेणार का?" एवढं विचारलं तरी खालच्या रस्त्यावर सायकलवाले उतरत. घरात ओरडत, कचेरीत ओरडत, एकटे असले तर पंख्यावर ओरडत. रागाचं कारण मात्र एकच. वायर.

"मर्दा, सोपं आहे," ते मला गरजून समजावत. "आत तार, वर तांब्याची जाळी. जाळी नसली की हवेतली सगळी घाण आत शिरते. लाइटची, पंख्याची, शेजारच्या मिक्सरची. वायर जितकी लांब तितकी घाण जास्त. आणि भोंगा तीच घाण मोठी करून बोलतो. कळलं?"

"कळलं. मग खोकं बाहेर डेकपाशी आणा की. वीतभर वायर पुरेल."

"न्हाई."

"का पण?"

"न्हाई म्हटलं ना एकदा!"

ही जाळी त्यांच्या डोक्यात इतकी बसली होती की माणसंही ते त्याच मापाने मोजत. पंजाबातले ते अतिरेक्यांचे दिवस वाईट होते. संध्याकाळी दुकानं लवकर बंद होत, बसमध्ये बसण्याआधी लोक सीटखाली वाकून बघत, आणि कचेरीत रोज एक नवी अफवा येई. आज अमुक सेक्टरात गोळीबार, उद्या तमुक पुलाखाली बॉम्ब. अफवा आणणाऱ्याला इंगवले तोंडावर सांगत, "तुला जाळी नाही रे! हवेतलं सगळं आत घेतोस आणि मोठं करून बोलतोस!"

"आणि मला?" मी एकदा विचारलं.

"तुम्हाला आहे. पण एका टोकाला सुटलीय."

त्यांच्या बायकोबद्दल, शालनताईंबद्दल, माझ्या बायकोचं मत त्या घूंपेक्षाही वाईट होतं. "जिन्यात तीन हाका मारल्या, ओ म्हणून दिली नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तर नुसती हसली आणि आली नाही. एवढा कसला तो माज!"

वायरींचा शोध चालूच होता. मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारातून एक लष्करी वायर आली. ती इतकी जाड की कोपऱ्यात वळवायला आम्ही दोघं लागलो, आणि सुटली तेव्हा तिने भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर नेलं. पिंजोरहून दुसरी आली, ती इतकी नाजूक की उंदराने चव घेऊन सोडून दिली. घूं कायम. शेवटी इंगवल्यांनी जाहीर केलं, की आता खोकंच दुकानात न्यायचं आणि एकेक वायर लावून तिथल्या तिथे पारखायची. माझ्या बायकोने मला स्कूटरची किल्ली दिली आणि म्हणाली, "वायर घेऊनच या. नाहीतर मी माहेरी जाते."

शनिवारी दुपारी आम्ही बावीस सेक्टरच्या बाजारात पोचलो. मागे इंगवले, त्यांच्या मांडीवर खोकं, खोक्यातून लोंबणाऱ्या दोन वायरी. वायरी विकणाऱ्या सरदारजींचं दुकान इतकं अरुंद की त्यात एकतर सरदारजी मावत नाहीतर गिऱ्हाईक. खोकं बाहेर खांबाशी ठेवून आम्ही आत घुसलो.

"इसको जाळी किधर हाय?" इंगवले गरजले.

"जाली वाली खतम है जी. ये ले जाओ, पक्का माल है."

"पक्का? ये तो घंटी का वायर हाय! हमको उल्लू समझता क्या?"

"ओ बाऊजी," सरदारजी कपाळाला हात लावून म्हणाले, "तार लैणी है, कुड़ी नहीं व्याहणी!"

वायर घ्यायचीय, मुलगी नाही करून घ्यायची! असं बराच वेळ चाललं. मग माझ्या लक्षात आलं, की बाहेर एकदम शांत झालंय. शनिवारचा बावीस सेक्टर, आणि शांत! मी डोकावलो. रस्ता धुऊन काढल्यासारखा मोकळा. टिक्कीवाला तवा तसाच टाकून गेलेला, टिक्क्या बिचाऱ्या एकट्याच जळत होत्या. एक चप्पल इकडे, दुसरी चप्पल पलीकडच्या सेक्टरात. आणि मधोमध, खांबाशी, आमचं खोकं. लाकडी, बेवारशी, वायरी लोंबणारं.

लावारिस वस्तूला हात लावू नका म्हणून सरकार भिंतीभिंतीवर सांगत असताना आम्ही दोन शहाणे असं खोकं भर बाजारात ठेवून वायरीची जाळी शोधत होतो!

पोलीस आले होते. लांबून एक हवालदार ओरडला, "किसका है?"

"मेरा हाय!" इंगवले धावले आणि त्यांनी सरळ खोक्याला मिठी मारली.

"पीछे हट! पीछे हट, बेवकूफ! पानी डालेंगे इस पर!" दोघे शिपाई पाण्याच्या बादल्या घेऊन तयार होते.

मला वाटलं, आता हा माणूस असा गरजणार, की बॉम्ब नसतानाही बाजार उडेल. पण इंगवले हलले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. खोक्यावर हात पसरून म्हणाले, "पानी मत डालो साहेब. मेरी घरवाली का हाय. उसको सुनाई नहीं देता. इसपे हाथ रखके सुनती है."

इंगवल्यांचा खालचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

हवालदाराने हात वर करून बादलीवाल्यांना थांबवलं. इंगवले पुढे म्हणाले, "पिछली पोस्टिंग में, बाजार में धमाका हुआ. वो भाजी ले रही थी. उसको लगा कुछ नहीं. खाली कान गये."

मागची फळी उघडून दाखवावी लागली. आत भोंगा, ॲम्प्लिफायर, कापूस आणि इंगवल्यांच्या हाताचं डागकाम. ते बघितल्यावर हवालदाराने आम्हाला असं झापलं, असं झापलं, की मी माझं गोत्र विसरलो. "दिमाग घर छोड़ के आते हो? सारा बाजार मरवा दोगे डर से!" आणि जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेला तो माणूस मान खाली घालून मुकाट ऐकत होता.

गडबडीत पळून हवालदाराच्या मागे दडलेले सरदारजी परत आले तेव्हा त्यांची पगडी कलली होती. ते सरळ दुकानाच्या आत गेले आणि एक भेंडोळं घेऊन आले. "जाली वाली. अपने घर वास्ते रक्खी सी," एवढंच म्हणाले. इंगवल्यांनी टोक सोलून बघितलं. तांब्याची, घट्ट विणलेली जाळी.

घरी येऊन त्यांनी वायर डागली. मी खिळे ठोकून ती भिंतीकडेने स्वयंपाकघरापर्यंत नेली. "घूं असली की हिला गाणं संपलेलं कळत नाही," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "हाताला सगळं सारखंच. परवा मी कचेरीतून आलो, तर कॅसेट कधीची संपलेली, आणि ही तशीच हात ठेवून बसलेली. म्हणाली, आज गाणं फार लांबलं."

मी पुढचा घाव बोटावर मारून घेतला.

बटण दाबलं. घूं नाही. कान लावून बघितलं, तरी नाही. मग त्यांनी ढोलकीच्या गाण्यांची कॅसेट लावली. शालनताई कणकेचे हात पुसून खोक्याशी बसल्या आणि तळवा टेकवला. थोड्या वेळाने बोटं हलली, मग मान. ओठही पुटपुटत होते. आम्ही दोघं दारात उभे.

ढोलकी थांबली. क्षणभर त्यांनी तळवा तसाच ठेवला, मग उचलला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "संपलं."

"संपलंऽऽ!" इंगवले असे काही गरजले, की खाली आमच्या फळीवरचे उरलेसुरले पेलेसुद्धा आले खाली.