तीन अंकी गिटार

आमचे शेजारी हिवराजभाऊ पटले स्वतःची आंघोळसुद्धा माइकवर जाहीर करत. मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा, त्यामुळे एक भोंगा घराच्या छपरावर कायमचाच. सकाळी अख्ख्या गल्लीला कळायचं, "हॅलो, हॅलो! रसिक मायबाप, पाणी तापलेलं आहे!" घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत नाटक. घरोघरी लेकी, जावई, जावयांचे मित्र, मित्रांचे साडू येऊन थडकतात. त्या दिवशी माझ्याच घरात मला पाठ टेकायला जागा मिळत नाही. भाऊंच्या ओसरीवर मात्र रिकाम्या खुर्च्यांची चळत.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. भाऊ साउंड लावायला नागपूरला गेले आणि झपाटून परतले. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले चार वादक त्यांनी तिथे ऐकले होते.

"मास्तर, यंदा नाटक बंद! मंडईच्या मंडळाले पटवलं मी. ते चौघं माझ्याच घरी मुक्काम करतीन!"

"मुक्काम त्यांनी कबूल केला?"

"अजून सांगतलं नाही. पण तिकडचा माणूस रातच्या बसनं घरी जाते काय? नागपूरवाले जातेत. म्हणून तं एवढ्या लांबचे आणले!"

मग ऑटोत बसून भाऊंनी देवरीपर्यंत रान उठवलं. "येत आहेत! अँडीज पर्वतावरून थेट आपल्या मंडईत! कौटुंबिक, हृदयस्पर्शी, तीन अंकी गिटार!"

चौकात सकूमावशीने ऑटो अडवला. "काऊन रे हिवराज, व्हिलन कोण आहे?"

"ढोल!"

"अन् रडणं?"

"बासरी वाजली का रडशीलच, मावशे!"

इकडे घराला चुना लागला, चार खाटा नव्याने विणल्या गेल्या, मच्छरदाण्या टांगल्या गेल्या.

मंडईच्या दिवशी पाहुणे उतरले. रंगीत पट्ट्यांच्या घोंगड्या, एक मोठी गिटार, एक तिचंच तान्हं वाटावं एवढी, आणि एकीला एक बांधलेल्या बांबूच्या नळ्या. सोबतच्या दुभाषी ताई म्हणाल्या, "दीड तासाचा कार्यक्रम आहे. आठची बस गाठू. गोंदियात हॉटेल बुक केलंय."

भाऊंचा चेहरा फ्यूज उडाल्यासारखा झाला. "चालते," एवढंच म्हणाले, तेही माइकशिवाय.

कार्यक्रम मात्र काय रंगला! नळ्यांतून डोंगराचा वारा सुटला आणि सकूमावशीने शब्दाला जागून पदर डोळ्याला लावला. ढोल घुमला तशा शिट्ट्या सुरू. साडेसातला चौघांनी वाकून नमस्कार केला.

कोणी हललं नाही. ताडपत्र्या अंथरून, गोधड्या पांघरून, भुईमुगाच्या शेंगा फोडत गाव ढिम्म बसलेलं.

चौघांनी पुन्हा नमस्कार केला.

"पहिला अंक झाला!" मागून कोणीतरी ओरडलं. "दुसरा कवा?"

"तीन अंकी सांगतलं होतं ना!"

ताईंनी कपाळाला हात लावून भाषांतर केलं. गिटारवाला पोट धरून हसला आणि पुन्हा बसला. दुसऱ्या अंकात तीच गाणी दुप्पट वेगाने झाली. तिसऱ्या अंकात आमच्या दंडारीचे, म्हणजे गावच्या लोकनाट्याचे, ढोलकीवाले मंचावर चढले आणि अँडीज कुठे संपलं, गोंदिया कुठे सुरू झालं, कोणालाच कळेना. मध्येच आठच्या बसने हॉर्न दिला. हिवराजभाऊंनी मंडपाबाहेर जाऊन ड्रायव्हरला 'जा, जा' असा हात केलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

ताई आमच्या घरात लेकींच्या रांगेत झोपल्या. चौघे पाहुणे भाऊंकडे.

सकाळी दार वाजलं. हिवराजभाऊ. डोळे तांबारलेले, हातात रिकामा डबा.

"मास्तर, साखर आहे काय? पाहुणे म्हणजे डोक्याले तापच! चहावर चहा, चहावर चहा. घरात उभं राहाले जागा नाही."

आदल्याच दिवशी बाजारातून त्यांची साखर मी माझ्या पिशवीतून आणून दिली होती. चांगली मोठी पुडी. तरी मी डबा काठोकाठ भरून दिला.

तो घेऊन भाऊ घरी गेले नाहीत. डबा धोतराच्या सोग्याखाली झाकला आणि समोरच्या घराची कडी वाजवली.

"वहिनी, जरा साखर आहे काय? घरी पाहुणे आहेत."